‘सर्व्हर डाऊन’ नावाची थाप

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक जुना संकेत आहे. चकलीच्या ताटाशेजारी अंक उघडून बसलेल्या वाचकावर कोणी खेकसू नये, हे मलाही मान्य आहे. संपादकांनीही ‘काहीतरी खुसखुशीत द्या’ असेच कळवले होते. परंतु लिहायला बसलो त्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या पेठेतल्या स्वस्त धान्य दुकानासमोर दीड तास उभा होतो, आणि त्या दीड तासात माझ्यातला सगळा खुसखुशीतपणा सादळून गेला. तेव्हा वाचकांनी आधी फराळ उरकून घ्यावा आणि मग हे वाचावे.

धान्य माझे नव्हते. गंगावेशीत भाजी विकणाऱ्या एक आक्का आहेत. त्यांच्याकडून आम्ही गेली कित्येक वर्षे मेथी घेतो. त्यांची पाटी त्या दिवशी शेजारणीच्या हवाली, आणि त्या रेशनच्या रांगेत. महिनाअखेर जवळ आलेली. महिना उलटला आणि सरकारने मुदत वाढवली नाही, की त्या महिन्याचे धान्य बुडाले. त्यांची ही तिसरी खेप होती. दुकानाच्या फळीला एक कागद टाचला होता आणि त्यावर निळ्या शाईत दोन शब्द होते: ‘सर्व्हर डाऊन’. कागदाचे कोपरे वळले होते, म्हणजे तो ताजा नव्हता. रोज काढायचा आणि रोज लावायचा, असा तो कायमचा नोकर होता.

आक्कांनी मला विचारले, “दादा, ह्यो सर्वर म्हंजे कोण वो? मागल्या म्हयन्यात पडला, आता बी पडलाय म्हंत्यात. त्याला उचलाय घरात कोण न्हाई व्हय?”

रांगेतले लोक हसले. मीही हसलो. पण घरी येताना ते हसू माझ्या घशात अडकले. कारण माझी उभी नोकरी या सर्व्हरांच्या चाकरीत गेली आहे, आणि आक्कांच्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला त्या सबंध नोकरीत एकाही वरिष्ठाने विचारला नव्हता. पडला कोण? उचलणारा कोण? आणि तो पडला असता आक्कांची खेप कोणाच्या खाती मांडायची?

माझे म्हणणे सुरुवातीलाच रोखठोक सांगून टाकतो. ‘सर्व्हर डाऊन’ ही बहुतेक वेळा थाप असते. मुद्दाम मारलेली असेल असे नाही. पुष्कळदा सांगणारालाही ती खरीच वाटते. पण थाप ती थापच. दहा निरनिराळ्या दुखण्यांना ‘वात झाला’ म्हणून एकच नाव देणाऱ्या वैदूची जी योग्यता, तीच या दोन शब्दांची.

आता हा सर्व्हर असतो कुठे? पूर्वी कचेरीच्या कोपऱ्यातल्या थंड खोलीत असे. कुलूप उघडून पाहता तरी येई. आता तो ‘क्लाउड’मध्ये असतो. भारत सरकारने आपल्या अशा व्यवस्थेला ‘मेघराज’ हे नाव दिले आहे. नाव सुरेख आहे. पण गगनबावड्याच्या पावसावर ज्यांची भातशेती चालते त्यांना विचारा: मेघाला जाब विचारता येत नाही. तो आला तर आला, नाही तर पंचांग पाहत बसावे. मला तर वाटते, हे नाव कचेऱ्यांच्या भलतेच पथ्यावर पडले आहे. वस्तुतः या मेघात मेघाचे काही नाही. ती चार भिंतींची, वीज खाणारी, पहारे बसवलेली इमारत असते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची अशी मोठी केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. तिथे माहितीची कोठारे आहेत, कोठारांना दारे आहेत, दारांवर माणसे आणि नियम आहेत. आकाशातून तिथे काही पडत नाही.

आक्कांनी यंत्रावर अंगठा टेकवला म्हणजे काय होते ते पाहा. त्या छोट्या यंत्राच्या पोटात मोबाइलचे सिमकार्ड असते. तिथून निरोप निघतो तो जवळच्या टॉवरकडे. तिथून राज्याच्या शिधापत्रिकांच्या कोठाराकडे. आणि अंगठा खरा की खोटा हे पडताळण्यासाठी आधारच्या केंद्राकडे. आधारची कोठारे आहेत बेंगळुरूला आणि हरियाणातल्या मानेसरला. म्हणजे जी बाई उभ्या जन्मात जोतिबा आणि पंढरपूर यांपलीकडे गेली नाही, तिचा अंगठा पाच किलो धान्यासाठी मुलुखभर हिंडून क्षणात परत येतो! ही गोष्ट थोर आहे, यात शंका नाही. ज्यांनी ती साधली त्यांना माझा नमस्कार. पण वाट जितकी लांब तितकी ठेचकाळण्याची ठिकाणे अधिक, आणि प्रत्येक ठिकाणच्या ठेचेला वेगळे नाव आहे. माझी तक्रार ठेचेबद्दल नाही. ती नावे लपवण्याबद्दल आहे.

पहिली ठेच पत्त्याची. यंत्राला कोठाराचे नाव ठाऊक असते, पण तार जोडायला आकड्यांचा पत्ता लागतो. आणि नावावरून पत्ता सांगणारी एक जगभरची वही असते. त्या वहीतले पान कोरे निघाले तर कोठार ठणठणीत असूनही कोणालाच सापडत नाही. मंगळवार पेठेत राहणारा माणूस घरीच आहे, जेवतो आहे, दार उघडे आहे; पण कोपऱ्यावरचा पानवाला ‘असं कोण इथं ऱ्हात न्हाई’ म्हणाला की पाहुणा परत.

हे मी कल्पनेने सांगत नाही. २०२५ च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरला, ऐन नरकचतुर्दशीच्या दुपारी नेमके हेच झाले. आपण अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून लवंडलो होतो, तेव्हा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ॲमेझॉन कंपनीच्या ‘डायनॅमोडीबी’ नावाच्या प्रचंड माहितीकोठाराचा पत्ता वहीतून नाहीसा झाला. वही सांभाळणारी यंत्रेच होती. त्यांतले एक रेंगाळले आणि जुनी यादी घेऊन उशिरा आले. त्याने नव्या यादीवर जुनी यादी चढवली. तेवढ्यात सफाई करणाऱ्या यंत्राने ‘ही जुनी आहे’ म्हणून ती पुसून टाकली. पान कोरे! कोठार शाबूत, माहिती शाबूत, पण जगातल्या कितीतरी बँका, खेळ, निरोपांची साधने एकाएकी आंधळी झाली. आपल्या घड्याळाप्रमाणे सव्वाबाराच्या सुमारास हे सुरू झाले. पत्ता परत लागायला अडीच तास गेले, आणि त्यामागून साचलेला गोंधळ निस्तरायला लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडत आला.

आता यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट चूक ही नव्हे. चूक कोणाचीही होते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की थोड्याच दिवसांत त्या कंपनीने आपल्या चुकीचा तपशीलवार जबाब स्वतः प्रसिद्ध केला: किती वाजता, कोणत्या भागात, कशावर काय चढले आणि पुढे काय बदलणार. मी काही त्या कंपनीचा भाट नाही. गिऱ्हाइके पळतील ही धास्ती तिच्यामागे होती, म्हणून तिने तोंड उघडले. पण तेवढी धास्ती आपल्याकडच्या कोणालाच का नसावी? आक्का दुसऱ्या कोणाकडे पळून जाऊ शकत नाहीत, एवढ्याच बळावर ना?

दुसरी ठेच वाटेवरची, तिसरी दारावरची. या दोहोंतला फरक ओळखायला पदवी लागत नाही, कान लागतो. दार ठोठावल्याबरोबर आतून ‘नाही!’ असे उत्तर आले, तर निदान घर सापडले, वाट बरोबर आहे, आत कोणीतरी जिवंत आहे. फक्त ज्या खिडकीशी काम होते ती उघडलेली नाही. नकार मिळाला तो माणूस भाग्यवान. पण ठोठावले, ठोठावले आणि उत्तरच नाही, तर एक तर वाट तुटली आहे, नाहीतर दारावरच्या पहारेकऱ्याने तुम्हाला परका ठरवून हूं की चूं न करता बाहेर ठेवले आहे. लिनक्स प्रणालीचे यंत्र अशा वेळी पहिल्या हाकेनंतर पुन्हा पुन्हा हाका मारते, दोन हाकांमधले अंतर वाढवत जाते, आणि दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ थांबून मग ‘वेळ संपली’ म्हणते. पडद्यावर ‘नकार’ आला की ‘वेळ संपली’ आले, एवढे जरी कोणी वाचले तरी दुखणे कुठल्या अंगाला आहे ते अर्धे कळते. पण वाचतो कोण? आपल्याकडे पडद्यावर लाल अक्षर उमटले की वाचण्याआधीच खिडकी मिटण्याची रीत आहे.

मग गर्दीची ठेच. प्रत्येक कोठाराला एका वेळी किती जणांना आत घ्यायचे याची मर्यादा असते. ‘पोस्टग्रेस’ या नामांकित कोठारात ती मुळात १०० असते, ‘मायएसक्यूएल’मध्ये १५१, पुढे चालवणाराने आपल्या कामाप्रमाणे ती वाढवायची किंवा मध्ये दारवान बसवून माणसे आळीपाळीने सोडायची. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात काय करतात? रांगा आखतात, मांडव घालतात, तासाला किती माणसे आत जातील याचा हिशेब करतात. ललितापंचमीला गर्दी होते हे ऐनवेळी कळले, असे देवस्थानाने म्हटले तर कोल्हापूरकर त्यांना धारेवर धरतील. मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात राज्यातली सगळी रेशन दुकाने एकदम यंत्रे चालू करतात, योजनेच्या अखेरच्या तारखेला सगळे एकदम अर्ज भरतात, ही गोष्ट का कोणाला नवलाची वाटावी? ‘गर्दीमुळे सर्व्हर पडला’ हे कारण होत नाही. तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होतो.

परवलीच्या शब्दाची आणि प्रमाणपत्राची ठेच मी थोडक्यात आटोपतो. कोठार आणि यंत्र एकमेकांना ओळखपत्रे दाखवतात. त्या पत्रांना मुदत असते. आणि मुदत कधी संपणार हे पत्रावरच लिहिलेले असते. ॲमेझॉनच्याच भाड्याच्या कोठारांचे एक जुने मूळ प्रमाणपत्र २२ ऑगस्ट २०२४ रोजी संपायचे होते, आणि ते त्या दिवशीच संपले. विम्याचा हप्ता भरायची तारीख विसरणाऱ्या माणसाला आपण बेफिकीर म्हणतो, हेही तसेच. याला अपघात म्हणणे ही शुद्ध मखलाशी आहे.

सांगायचा मुद्दा असा, की या सगळ्यांत कोठार खरोखर कोसळले, असे प्रसंग थोडे. बहुतेकदा कोठार उभेच असते. त्याच्याशी असलेली आपली जोडणी तुटलेली असते, आणि ती कुठे तुटली हे तासाभरात शोधता येते. शोधले की नाव घ्यावे लागते. नाव घेतले की ते काम कोणाचे होते हे निघते. म्हणून तर नाव घ्यायचे टाळतात!

हे मी इतक्या ठामपणे कसे म्हणतो, असे कोणी विचारील. विचारावेच. कारण ही थाप मी स्वतः मारलेली आहे.

२०१८ ची दिवाळी. मी तेव्हा शिरोलीकडच्या एका कारखान्याच्या संगणक विभागात होतो. कामगारांच्या पगाराचे कोठार आम्ही नुकतेच क्लाउडवर नेले होते आणि त्याबद्दल मी मालकांची शाबासकीही घेतली होती. धनत्रयोदशी सोमवारी होती. त्या दिवशी बोनसची यादी काढून बँकेला द्यायची, म्हणजे संध्याकाळी खात्यात पैसे. सकाळी साडेनऊला यादी काढायला बसलो तो कोठाराशी जोडणीच होईना. दोन मिनिटे चक्र फिरे आणि ‘वेळ संपली’. मी क्लाउडवाल्या कंपनीचे पान उघडून पाहिले. तिथे आमच्या कोठारासमोर हिरवा दिवा. हिरवा! तरीही मी शॉपमध्ये निरोप पाठवला: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ का पाठवला? कारण तो निरोप पाठवला की माझ्याकडे बोट दाखवणारे कोणी उरत नव्हते. दिवसभर मी त्या कंपनीला तक्रारी पाठवल्या, त्यांच्या नावाने बोटे मोडली, चहा प्यालो. संध्याकाळी सुटीचा भोंगा झाला. आजरा, चंदगड, गगनबावड्याकडची माणसे पिशव्या घेऊन फाटकाशी थांबली होती. बाजार करूनच ती एस.टी. गाठणार होती. ‘काय झालं साहेब?’ असे एकाने विचारले. मी वर आभाळाकडे हात केला. अगदी खरे सांगतो, हात आभाळाकडेच केला. ती माणसे तशीच गेली.

रात्री आमच्याकडे नव्याने लागलेला एक पोरगा, जो भीत भीत बोलत असे, म्हणाला, “सर, शनिवारी आपण इंटरनेटची लाइन बदलली. आपला बाहेरचा पत्ता तोच राहिलाय का?” माझ्या पायांखालची जमीन सरकली. कोठाराच्या दारावरच्या पहारेकऱ्याला मीच सांगून ठेवले होते, की फक्त अमुक पत्त्यावरून येणारालाच आत घे. शनिवारी लाइन बदलली, पत्ता बदलला, रविवार सुटीत गेला, आणि सोमवारी पहारेकरी इमानेइतबारे माझाच हुकूम पाळत होता. नवा पत्ता यादीत घालायला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. बोनस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमा झाला. तोवर लोक गावी पोहोचले होते, आणि पोरांच्या कपड्यांची दुकाने कोल्हापुरात राहिली होती.

मी कोणाची माफी मागितली नाही. मागायची तर काय झाले ते सांगावे लागले असते. आणि सगळ्यांनी ‘सर्व्हर डाऊन’वर इतका निमूट विश्वास ठेवला होता, की सांगायची गरजच पडली नाही. या दोन शब्दांची खरी ताकद मला त्या दिवशी कळली.

यावर कोणी तिखटपणे म्हणेल, की मग काय पुन्हा बस्ते आणि रुमाल आणायचे? कुलकर्ण्याच्या दप्तराकडे परत जायचे? नव्हे! कोल्हापूरच्या माणसाने तरी ते म्हणू नये. गावचे दप्तर एका घराच्या मुठीत असणे म्हणजे काय, हे या संस्थानाने भोगलेले आहे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, ते काही हौसेने नेमले नाहीत. शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद एखाद्याच्या मर्जीवर राहू नये, त्याला ती विचारता यावी, हा त्यातला अर्थ. आज १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो; २०१८ पासून ही सोय आहे. माझ्या वडिलांनी ज्या उताऱ्यासाठी चार चार हेलपाटे घातले तो माझ्या भाच्याने परवा जेवता जेवता काढला. ही प्रगती खोटी म्हणणारा मी नव्हे.

पण जरा विचार करा. ‘कुलकर्णी गावाला गेलेत’ हे जुन्या काळचे उत्तर आणि ‘सर्व्हर डाऊन’ हे आजचे उत्तर यांत फरक तो काय? फरक आहे, आणि तो आजच्या उत्तराच्या विरुद्ध जातो. कुलकर्णी गावाला गेला तर कोणत्या गावाला, केव्हा परतणार, हे त्याच्या घरी जाऊन विचारता येई. तो खोटे बोलत असला तर शेजारी सांगत. सर्व्हर कोणत्या गावाला गेला हे कोण सांगणार? महाराजांनी दप्तर एका घरातून काढून चावडीवर आणले. आपण ते चावडीवरून उचलून मेघात नेऊन ठेवले, आणि जाब विचारायची जागा मात्र तिथल्या तिथे पुसून टाकली.

बरे, पर्याय नाही म्हणावे तर तेही खोटे. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ आला. दुकानांपुढे रांगा लागल्या, यंत्रे अडली, आणि शेवटी सरकारनेच यंत्राविना वाटायची परवानगी दिली. म्हणजे वहीत नोंद करून, सही-अंगठा घेऊन धान्य देता येते! आधार प्राधिकरणाने तर ऑक्टोबर २०१७ मध्येच परिपत्रक काढून सांगितले होते, की पडताळणी जमली नाही म्हणून हक्काच्या माणसाला परत पाठवू नका. दुसरा मार्ग ठेवा आणि अपवादांची नोंद ठेवा. आणि २०१९ च्या महापुरात? राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांना धोक्याची पातळी. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. वीज नाही, टॉवर नाहीत. चिखली-आंबेवाडीकडे जाणाऱ्या बोटींतून जी पाकिटे गेली त्यांसाठी कोणी अंगठा मागितला नाही. सगळे मिळून बुडत असलो म्हणजे माणसावर विश्वास ठेवता येतो. एकटी आक्का बुडत असली की येत नाही, असे काही आहे काय?

कायदा पाहावा तर तोही आक्कांच्या बाजूचा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे आठवे कलम म्हणते, की हक्काचे धान्य दिले नाही तर त्या व्यक्तीला राज्य सरकारकडून अन्न सुरक्षा भत्ता मिळावा. म्हणजे धान्य नाही तर पैसे. कोठार कोणत्या मेघात होते, याच्याशी त्या कलमाला कर्तव्य नाही. वाचकहो, हा भत्ता मिळालेला एकतरी माणूस तुमच्या पाहण्यात आहे? माझ्या नाही. आणि आपला २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम पाहा. ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अपील करता येते, दोषी अधिकाऱ्याला ५०० पासून ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ‘पुरेसे व वाजवी कारण नसताना’ विलंब झाला असला पाहिजे. हे पाच शब्द ध्यानात ठेवा. ज्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन’ हे पुरेसे व वाजवी कारण म्हणून निमूटपणे खपू लागते, त्या दिवशी तो सबंध कायदा त्या दोन शब्दांच्या भोकातून गळून जातो.

माझी मागणी फार मोठी नाही. दुकानात, कचेरीत, नोंदणीच्या खोलीत, जिथे जिथे जोडणी तुटते तिथे पाटीवर खरे कारण लिहावे: पत्ता सापडत नाही, की लाइन तुटली, की अंगठ्याचे उत्तर येत नाही, की गर्दी फार. किती वाजल्यापासून, ते लिहावे. कोणाला कळवले आणि तक्रारीचा क्रमांक काय, ते लिहावे. तासाभरात जोडणी आली नाही तर कागदी वही उघडावी, आणि ती नोंद यंत्रात चढवण्याची मेहनत कचेरीने करावी, आक्कांनी नव्हे. आणि तुटलेल्या दिवसांचा हिशेब मुदतीत धरून प्रत्येकाची मुदत तितकी आपोआप पुढे जावी. त्यासाठी मुंबईहून आदेश येण्याची वाट पाहावी लागू नये. दुकानदारावर मी रागावलेलो नाही, हेही सांगून ठेवतो. दिवसभर शिव्या तोच खातो, आणि यंत्राच्या पलीकडे काय झाले हे त्यालाही कोणी सांगत नाही.

म्हणून त्या दिवशी रांगेतून निघाल्यावर मी दुपारी पुन्हा त्या दुकानात गेलो. यंत्राचा पडदा पाहू द्या म्हणालो. त्याने ओळखीने पाहू दिला. टॉवर येत होता, शिधापत्रिका उघडत होती, घरातल्या माणसांची नावे दिसत होती. अडत होते ते फक्त अंगठ्याच्या उत्तरापाशी. म्हणजे राज्याचे कोठार उभे होते आणि लाइनही होती. मी जोड्याच्या खोक्याचे झाकण घेतले आणि त्यावर जाड शाईने लिहिले: ‘कार्ड उघडते. अंगठ्याचे उत्तर येत नाही. सकाळी ९.४० पासून.’ तक्रार केली काय, असे विचारले. त्याने फोन लावला, क्रमांक मिळाला, तोही खाली लिहिला. जुना कागद काढून ते झाकण त्याने फळीला अडकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याचे उत्तर पुन्हा येईना. लोकांनी पाटी वाचली. पण ते घरी गेले नाहीत. ‘कार्ड उघडतंय तर मग वहीत लिवा की,’ असे कोणी म्हणाले. ‘तक्रारीचं काय झालं?’ असे दुसऱ्याने विचारले. एका शाळकरी मुलाने त्या क्रमांकाचा फोटो काढला. दुकानदाराने तालुक्याच्या कचेरीला दोनदा फोन केला, आणि दुपारी आधारला जोडलेल्या मोबाइलवर आकडा मागवून धान्य द्यायला सुरुवात झाली. आक्कांचा मोबाइल त्यांच्या मुलाकडे, आणि मुलगा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत पाळीवर; त्याला फोन लावून आकडा विचारला आणि आक्कांचे गहू-तांदूळ पिशवीत पडले. तोवर शेजारणीने त्यांची मेथी अर्ध्या भावात काढून टाकली होती.

चार दिवसांनी मी तिकडून गेलो तेव्हा यंत्र बंदच होते. झाकण दिसले नाही. फळीवर तोच निळ्या शाईचा कागद, वळलेल्या कोपऱ्यांचा. मी दुकानदाराकडे पाहिले. तो ओशाळून म्हणाला, “राहू द्या साहेब. ती पाटी लावली की लोक प्रश्न विचारतात.”